त्याला कुठे काय कळतंय!

२००४ साली यंत्रमानवाच्या एका गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग जर्मनीत स्टुटगार्टला लागला, तेव्हा रोहिणी भारतातून राहायला आलेल्या सासूबाईंना, गयाबाईंनाही घेऊन गेली. पडद्यावर माणसं यंत्रमानवाला कायमचं बंद करायचं ठरवत होती, तेही त्याच्या तोंडावर, कारण त्याला कुठे काय कळतंय! तो मुकाट ऐकत होता. रोहिणीला रडू आवरेना.

"काळीज आहे की नाही या लोकांना!" ती पुटपुटली.

गयाबाईंनी तिला आपला रुमाल दिला.

"परवा जेवताना तू आणि माझा केतन मला लवकर परत धाडायचं बोलत होतात ना, जर्मन भाषेत? 'फ्लुग' म्हणजे विमानाचा प्रवास, एवढं कळतं गं मला. शिवाय दोघंही माझ्याकडे बघत नव्हतात. बॅग भरून ठेवलीये मी."

रुमाल रोहिणीच्या हातातच राहिला. डोळ्यांना लावायची तिची हिंमत होईना.