खंडेनवमीला बसवलेला फिल्टर

सहदेवला जीपबद्दल काही विचारायची सोय नव्हती. विचारलं की संपलं. खडवली स्टेशनबाहेर त्याची लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली जुनी जीप उभी असायची. आतल्या पाड्यांवरची माणसं भरून तो ती नदीच्या गोट्यांतून नि शेताच्या बांधांवरून न्यायचा, आणि वाटभर बोलायचा. ऑइल फिल्टर हा तर त्याचा लाडका विषय. फिल्टर तीन जातींचे, तो सांगायचा. एक जाळीचा, रॉकेलने धुवून परत घालायचा. तो आपल्या चहाच्या गाळणीसारखा, बारीक कचरा सोडणारच. दुसरा वाटीत बसणारा कागदी. चांगला, पण बदलताना हात कोपरापर्यंत काळे. तिसरा बंद डब्याचा, हाताने पिळून बसवायचा, त्याच्या जीपच्या नव्या डिझेल इंजिनाला लागायचा तसा. त्यातही कंपनीचाच घ्यावा. लोकल लावला की इंजिनाचं तेरावं घातलंच म्हणून समजा. स्टँडवरचे ड्रायव्हर मान डोलवायचे, कारण चहा सहदेव पाजायचा.

एवढ्या जाणत्या माणसाने काय करून ठेवलं, ते आता ऐका.

त्याची बायको शीला, आणि शीलाचा धाकटा भाऊ नाथा. नाथा बहिणीकडेच राहायचा आणि जीप चालवायचा. ब्याण्णव साली त्याला मोहन्याचं स्थळ आलं. मुलगी मंजुळा, बाप उत्तमराव कारखान्यात फिटर. मुलगा पसंत पडलेला, नाथाला मुलगी पसंत पडून तर तो दोन दिवस जेवणात मीठ आहे की नाही तेही सांगू शकला नव्हता. उरलं होतं फक्त घर बघणं. दसऱ्याच्या सकाळी उत्तमराव बायकोला घेऊन येतो म्हणाले, आणि सहदेवने ठरवलं की पाहुणे स्टेशनवरून आपल्या जीपमधूनच यायचे. मग जीप कशी पाहिजे? एकदम कडक. आदल्या दिवशी त्याने नाथाला फिल्टर आणायला कल्याणला पिटाळलं. सणाची गर्दी, कंपनीचा मिळेना, चार दुकानं फिरून पोरगा लोकल घेऊन आला आणि तसं सांगूनही टाकलं त्याने. सहदेवने नाक मुरडलं, पण घेतला.

पण घोळ पुढेच होता. त्या दिवशी खंडेनवमी. पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, जॅक, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. सहदेवने हौसेने हातातला टॉर्चसुद्धा पूजेत ठेवलेला. पुजलेलं हत्यार दसऱ्याला पूजा हलवल्याशिवाय उचलायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. नाथा म्हणाला, दाजी, सकाळी पूजा हलवू आणि मग बसवू, घाई कशाला. सहदेवला राग आला. गाडीचा मालक कोण, त्याने विचारलं. डब्याच्या फिल्टरला हत्यार लागतंच कुठे? तिन्हीसांजेला तो जीपखाली शिरला, जुना डबा गोणपाटाने धरून पिळून काढला, मागच्या परसात भिरकावला, आणि टॉर्चशिवाय नवा अंदाजाने बसवला. नेम पाळला गेला, कामही झालं. स्वारी खूश.

दसऱ्याला उत्तमराव पुढे त्याच्या शेजारी बसले. मागे त्यांची बायको, नाथा आणि वाटेत चढलेली पाड्यावरची माणसं. सहदेवने अर्थातच फिल्टरचं पुराण लावलं. जाळीचा, कागदी, डब्याचा, सगळं हातवारे करून. तेलाच्या दाबाच्या काट्याकडे बघायला वेळ कोणाला होता? नदी ओलांडून चढ लागला आणि इंजिन खडखडलं, किंचाळलं, बंद पडलं. मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ.

सगळे उतरले. सहदेवच्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? फिल्टर आपण बसवलाय, हेच आलं. आलं आणि त्याने ते गिळलं. उत्तमराव बघत होते, पाड्यावरची माणसं बघत होती.

"लोकल आणला ह्याने," तो नाथाकडे बोट करून म्हणाला. "कंपनीचा आण म्हणून सांगितलेलं. मधले पैसे खाल्ले."

नाथा तोवर जीपखाली गेलेला. बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. ती त्याने खिशात घातली, सहदेवकडे एकदा पाहिलं.

"दाजी म्हणतात तसंच असेल," म्हणाला.

पाहुणे उन्हातून चालत घरी आले, चहा प्याले, सोनं दिलं-घेतलं आणि गेले. मोहन्याहून पुन्हा निरोप आला नाही. स्टँडवर नाथाला नाव पडलं, लोकल. "ए लोकल, बिडी दे." सहदेव ऐकायचा आणि बशीत चहा ओतायचा.

इंजिन कल्याणला अण्णा मिस्त्रीकडे उघडलं. सहदेव मुद्दाम कंपनीचा एक फिल्टर विकत घेऊन गेला, म्हणाला, दोन्ही काप, फरक बघू दे सगळ्यांना. अण्णाने करवतीने दोन्ही डबे कापले. आत तोच कागद, तशाच घड्या, तशीच स्प्रिंग. फिल्टर निर्दोष आहे, अण्णा म्हणाला. जुन्या डब्याची रबराची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली असणार, तिच्यावर नवी चढली, जोर आल्यावर तेल बाहेर. जुना डबा असेल तर बघ, रिंगची खाच रिकामी सापडेल. उजेडात चुकून राहात नाही ती. बसवलेला कोणी?

"मेव्हण्याने," सहदेव म्हणाला. तोंडातून गेलं आणि त्याचे कान तापले.

घरी येऊन त्याने परसातला जुना डबा शोधला. खाच रिकामी. बोट फिरवलं, परत फिरवलं. नाथाच्या मिटलेल्या मुठीत काय होतं, ते त्याला तेव्हा कळलं. शीला ताट वाढून हाका मारत होती. तिच्यासमोर जेवायला बसायची त्याला लाज वाटली. आधी रस्त्यावर, मग अण्णासमोर, एकाच पोराच्या अंगावर दोनदा चिखल उडवला होता त्याने, आणि ते पोर बायकोचा सख्खा भाऊ.

तरी मोहन्याला जायला त्याने दिवाळी उलटू दिली. लाजेलासुद्धा मुहूर्त लागतो काही माणसांना.

उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाथा आलेला इथे. मी म्हटलं, खरं सांग, मी विश्वास ठेवीन. म्हणाला, ताईचा नवरा आहे, त्याला मी खोटा कसा पाडू? आता मंजुळाची सुपारी फुटली. शहाडला दिली." सहदेव उठला तेव्हा ते दारापर्यंत आले. "रस्त्यावर चारचौघांत बोललात, आणि हे घरात येऊन सांगताय."

ते शब्द सहदेवला झोंबले. दुसऱ्या दिवशी, जीप स्टँडवर परत लागली तेव्हा, तो चहाच्या टपरीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. फिल्टर मी बसवला, अंधारात, जुनी रिंग राहिली माझ्याकडून. नाथाने पैसे खाल्ले नाहीत.

मग एक म्हातारा ड्रायव्हर हसला. "वा सहदेव. मेव्हण्याची अब्रू झाकतोयस. अरे, फिल्टरवर आम्हाला शाळा शिकवणारा तू, तू रिंग विसरशील?" बाकीचेही हसले, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, मन मोठं आहे म्हणाले.

"अरे, खरं सांगतोय," सहदेव म्हणाला. "विचारा त्याला."

सगळे नाथाकडे वळले. नाथा जीपची काच पुसत होता.

"दाजी म्हणतात तसंच असेल," तो म्हणाला, आणि फडकं पिळलं.

पुन्हा हसू उसळलं. "बघ, लोकल पण हो ला हो करायला शिकला," म्हातारा म्हणाला आणि त्याने सहदेवसाठी चहा सांगितला, आपल्या पैशाने. सहदेवने ग्लास हातात घेतला, पण त्याला तो पिता येईना आणि खालीही ठेवता येईना.