रविवारी अकराच्या आत

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे पप्पांचं लाल पेन, आईची विळी आणि यंदा माझा चार्जर.

चार्जर साधासुधा नव्हे. माझ्या रिमोटच्या विमानाच्या बॅटरीत तीन सेल असतात आणि हा तिघांना अगदी सारखं भरतो. समान वाटप करणारी आमच्या घरातली ती एकच वस्तू. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, त्याच्या आतल्या छोट्या पंख्याच्या जाळीतून ओल्या अक्षता सोडल्या आणि त्याच्यासमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी मी बटण दाबल्यावर कळलं. धूर निघाला.

"बघ," आई म्हणाली, "धूपसुद्धा स्वतःच केला त्याने."

पप्पा शाळेत मराठी शिकवतात आणि घरी आमचं बोलणं तपासतात. विमान वर्षभर दुरुस्तीतच असतं, हे त्यांचं जुनं निरीक्षण. त्यांनी फ्रीजवर चिठ्ठी चिकटवली: 'रविवारी सकाळी अकराच्या आत उडाले तर ठीक, नाहीतर मयूर सोमवारपासून सुधाकरमामांच्या कापड दुकानात.' खाली पूर्ण सही, नंदकुमारपासून आडनावापर्यंत. मामांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की थान उलगडायचं आणि परत गुंडाळायचं. गिऱ्हाईक बहुतेक नसतंच.

मी आमच्याच गावातल्या लालबाग भागात लीलाधरभाऊंकडे पळालो. ते केळीवाल्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांनी चार्जर उघडला आणि मला विचारलं,

"भाऊ, पोटात तांदूळ आहे. बिर्याणी लावली होती का?"

"अक्षता आहेत त्या. पूजेच्या."

लीलाधरभाऊंनी ताबडतोब चपला काढल्या. "पहले बोलायचं ना यार!"

मग त्यांनी बोर्ड स्पिरिटने धुतला, काळा पडलेला एक पार्ट काढून त्या जागी पंपाच्या चार्जरमधला बसवला. अक्षता चिमट्याने एकेक वेचून पुडीत बांधल्या. "कचऱ्यात टाकू नको. तापीत सोड. आपल्या हातून झालेलं काम आहे, उगाच रिस्क नको."

चार्जर चालला. स्क्रीन कुंकवाने गुलाबी झाली होती, पण आकडे दिसत होते. तापीवर जायचं मात्र राहून गेलं.

रविवारी दहाला मी बॅटरी चार्जिंगला लावली. मामा आले, पंख्याखाली बसून चहा प्यायला लागले. मी विमान आणायला गच्चीवर गेलो. तेवढ्यात आईने धुवायला घेतलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात पुडी सापडली.

दहा पन्नासला खालून आवाज आला. मी धावत उतरलो. पंखा थांबला होता. मामांचा चहा मामांवर होता.

"आई, काय केलंस?"

"काही नाही बाबा. देवीच्या अक्षता, अशा खिशात ठेवतात का? नीट धुतल्या आणि जिथल्या तिथे ठेवल्या."

पप्पा घड्याळाकडे बघत उभे होते. "उडालं का?"

"चार्जर उडाला, पप्पा."

"चार्जर पुल्लिंगी, एकवचनी. चिठ्ठीत 'उडाले' आहे. म्हणजे विमान. चल, बॅग भर."

"चिठ्ठीत विमान कुठे लिहिलंय?"

"कर्ता अध्याहृत आहे."

एवढ्यात मामा मीटरकडून ओरडले, "दाजी, इकडे बघा! तिन्ही फ्यूज उडाले!"

पप्पांचे ओठ हलले. ते मनातल्या मनात लिंग आणि वचन तपासत होते. घड्याळात दहा चोपन्न.

"पुल्लिंगी, अनेकवचनी," ते शेवटी म्हणाले. नापास करायच्या मुलाचं उत्तर बरोबर निघावं, तसा आवाज होता. "चालतं."

"चालतंच," मामा शर्ट झटकत म्हणाले. "आणि दाजी, याला इथेच राहू द्या. माझ्या दुकानात वायरिंग नवीन आहे."

पप्पांनी देव्हाऱ्यातून लाल पेन आणलं. टोकावरचं कुंकू पुसलं, चिठ्ठीवर बरोबरची खूण केली आणि स्वतःच्या सहीखाली शेरा लिहिला: 'कर्ता स्पष्ट लिहावा.'