पायमोज्यांना इस्त्री

पायमोज्यांना इस्त्री करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर नोकरीवर नवीन. माझ्या घरात दोन्ही नाहीत. घरात मी एकटी. तरी त्या दिवशी बाजारातून आले तर माझे पायमोजे कडक इस्त्री होऊन खुर्चीवर बसलेले. चहाचा डबा घासूनपुसून लख्ख, आणि आत चहा नाही. स्वतःच्या घरात मी चहापत्ती शोधत फिरले. शेवटी साबणाच्या डब्यात सापडली.

चोर असते तर पोलिसांत गेले असते. पण चोर नेतात, हे ठेवून जात होते. आणि जाताना खिडकी लावून जायचे. बाकी सगळं मी सोसलं, ते खिडकीचं मात्र मला अजिबात सोसत नव्हतं.

कोण करतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या चर्चचा तरुण संघ, दुसरं कोण! पूर्वी हीच पोरं रविवारची उपासना संपली की दुपारी माझ्याकडे यायची. 'वृद्धांच्या भेटी' असं त्या कार्यक्रमाचं नाव होतं. वृद्ध म्हटल्याचा मला राग यायचा, पण भेट मी कधी नाकारली नाही. येऊन काम काय करायची? कपाळ! कप फोडायची, बिस्किटं संपवायची आणि दिवेलागणीपर्यंत बडबडायची. त्यांच्यात एक लांबलचक मुलगी होती. स्टुलावर न चढता बल्ब बदलायची, म्हणून मी तिला शिडी म्हणायचे. मी काहीही सांगायला लागले की ही गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि जरा थांबले की म्हणायची, "आणि मग?"

मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचं आणि घरी येऊन धाकट्या बहिणीशी भांडायचं, असं माझं भरलेलं आयुष्य. एक्स्चेंज बंद पडलं. गेल्या थंडीत बहीणही गेली. उरला होता तो रविवार, आणि तो नव्या पाळकसाहेबांनी घालवला.

त्यांनी प्रवचनात सांगितलं की सेवा करावी ती गुपचूप. गाजावाजा केला की प्रतिफळ तिथंच संपलं. ज्याची सेवा केली त्यालासुद्धा कळता कामा नये. मोठ्यांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. पोरांनी मनावर घेतलं. संघाची बैठक भरली आणि नियम ठरला: सेवा करताना कुणी पाहिलं तर ती सेवा रद्द, पहिल्यापासून पुन्हा करायची.

झालं! गल्लीत नुसता धुमाकूळ. बेकरीवाल्यानं एकाला पायरी झाडताना पाहिलं आणि बिचारा "थँक्यू" म्हणून बसला. सेवा रद्द. दुसऱ्या दिवशी पायरी पुन्हा झाडली गेली, त्यानं पुन्हा पाहिलं. आता तो दुकान उघडताना डोळे मिटून किल्ली चाचपतो. न्हाव्याच्या खुर्चीला कुणीतरी प्रेमानं इतकं तेल पाजलं की गिऱ्हाईक बसलं रे बसलं की गरगर फिरायला लागतं. सगळी गल्ली कुठल्याही घरात शिरण्याआधी दारात उभी राहून खोकायला लागली. आत कुणी सेवा करत असेल तर त्याला पळायला सवड नको का?

मी तणतणत पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ही पोरं आवरा. पूर्वी घर घाण होतं पण माणसं यायची. आता घर चकाचक आणि बोलायला कुत्रं नाही."

पाळकसाहेबांचे डोळे तारवटले होते. "बाई, माझं काय सांगू?" ते म्हणाले. "माझं प्रवचन कुणीतरी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं, आणि कंटाळवाणी दोन पानं गाळली."

"ते बरं झालं," मी म्हटलं. "पण तुम्ही त्यांना बंद करा म्हणून सांगत का नाही?"

"सांगितलं! त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा बघतोय. कोण करतं असं विचारलं तर एक हात वर होत नाही. आता तर दुप्पट करतात."

म्हणजे बुडत्याला बुडता भेटला. घरी येताना मी ठरवलं, आता आपणच काय ते बघायचं.

दुपारी मी चपला घातल्या, खिडकीत उभी राहून "चालले गं बाई बाजारात!" असं ओरडले, दार आतूनच धाडकन आपटलं आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं उघड्या खिडकीतून एक पाय आत आला. मग बराच वेळ पायच येत राहिला. मी ओळखलं. शिडी!

तिच्या हातात फडकं होतं. तिनं माझ्या बहिणीचा फोटो पुसला, खुर्ची पुसली, आणि खिडकीशी जाऊन कडीला हात घातला.

"खबरदार!" मी ओरडले.

शिडीनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पलंगाखाली सूर मारला.

"बाहेर ये."

बाहेर राहिलेलं फडकं तेवढं आत ओढलं गेलं.

"अगं कार्टे, तुझे पाय दिसतायत!"

पाय आत गेले. पलीकडून डोकं बाहेर आलं. मी तिकडे गेले तर डोकं आत गेलं आणि पाय बाहेर. पलंग लहान, पोरगी लांब, त्याला ती तरी काय करणार! हसावं की रडावं ते मला कळेना. वाकून ओढावं म्हटलं तर माझी कंबर वाकत नाही. शेवटी मी धपकन पलंगावर बसले.

खाली चिडीचूप. पण बंद लाइन वेगळी आणि गप्प माणूस वेगळा. लाइन बंद असली की कानाला काहीच लागत नाही. इथे श्वास ऐकू येत होता. तोंड न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात माझा जन्म गेला, मला कसली लाज!

"हॅलो," मी म्हटलं. "लाइनवर राहा. माझं बोलणं संपेपर्यंत ठेवायचं नाही."

आणि मी सुरू केलं. आधी शिव्या घातल्या. पायमोज्यांवरून, चहावरून. मग म्हटलं, "आणि ती खिडकी! कोणत्या शहाण्यानं सांगितलं लावायला? माझ्या बहिणीला खिडकी उघडी लागायची. मला थंडी वाजते, मी लावायचे. ती उघडायची, मी लावायचे. आयुष्यभर आमचं त्यावरून भांडण. एकदा तर रागानं तिनं पडदाच काढून धुवायला टाकला. आता ती नाही. कोण उघडणार? मीच उघडते, मीच थंडीनं कुडकुडते आणि मीच तिच्यावर चिडते. तेवढाच वेळ ती घरात आहेसं वाटतं. आणि तुम्ही येऊन…"

पुढचं बोलता येईना. बघा, एवढी बोलकी मी, आणि स्वतःच्याच पलंगावर बसून मुकी झाले. वाटलं, झालं, आता ही खिडकीतून निघून जाईल. बाजारात, चर्चमध्ये माझ्याकडे पाहणारही नाही. परवा येऊन पुन्हा पायमोजे इस्त्री करील. मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे तिला जाता यावं.

खाली खुडबूड झाली. मग अगदी हळू आवाज आला.

"आणि मग?"

मी डोळे उघडले. "अगं बाई! बोललीस? सगळी सेवा फुकट गेली की तुझी."

"गेली," पलंगाखालून शिडी म्हणाली. "म्हणजे मला उद्या पुन्हा यावं लागेल. पहिल्यापासून."

"दारानं ये," मी नाक पुसत म्हटलं. "मी रोज पकडीन तुला, सांगून ठेवते."

"पण आजी…"

"आता काय?"

"मी अडकलेय."

मग मी खिडकीतून बेकरीवाल्याला हाक मारली, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तो न खोकता आत आला.