शेजारणीचा ने

मी एक जुनी फळी आहे. चर्चमधल्या पहिल्या बाकाची, गुडघे टेकायची. मित्रांनो, माणसांचे चेहरे मी क्वचितच पाहिले; गुडघे मात्र मला पाठ आहेत.

सुताराने मला सागापासून केलं, वर मऊ गादी ठोकली. "हिच्यावर टेकलं की उठावंसंच वाटत नाही," असं फादरांनी माझं कौतुक केलं. पुढे बहुतेक लोक टेकेनासे झाले. चिखलाचे बूट माझ्यावर ठेवू लागले. कुणी चघळलेलं च्युइंगगम खालून चिकटवलं. त्याचीही किळस आली, पण पुढे जे झालं त्यापुढे ती काहीच नव्हे.

फादर थकले होते. त्यांच्यामागे धर्मगुरू मिळाला नाही तर चर्च बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी सगळे मागत, "देवा, आमच्यातून धर्मगुरू घडव." सगळ्यांत मोठा आवाज माझ्यावर टेकणाऱ्या शिंपीणबाईंचा.

एका रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्यांचा धाकटा, सुतारकाम करणारा, म्हणाला, "आई, मी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाऊ म्हणतो."

"डोकंबिकं फिरलंय का? धर्मगुरूला लग्न करता येत नाही. मला सून कोण आणणार, तुझा बाप?"

"अगं, तूच तर दर रविवारी मागतेस!"

"मागायचं असतं रे! आपल्याच घरातून दे, असं कुठं म्हटलं मी?"

मग त्या माझ्यावर टेकून पुटपुटल्या, "देवा, याचं खूळ काढ. शेजारणीला चार आहेत, त्यातला एखादा ने."

शेजारीण मागच्याच बाकावर होती. तिच्या फळीने मला नंतर सांगितलं, ती म्हणत होती, "शिंपिणीचा ने."

मुलगा गेला नाही. फादर मात्र देवाघरी गेले. बिशपांनी चर्च बंद केलं. शेवटच्या मिस्साला, वर्षानुवर्षं न फिरकलेलेही फोटो काढायला आले. शिंपीणबाई ढसाढसा रडल्या, "बिशपनं आमचं चर्च गिळलं हो!" त्यांचे अश्रू माझ्या गादीत मुरले. शिसारी आली मला.

आता बाक विकायला काढलेत. ते सोडवायचं काम धाकट्यालाच मिळालं. काल तो आला, माझ्याशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसला. गादीतल्या दोन खळग्यांवरून त्याने हात फिरवला. "आईचे," म्हणाला, आणि स्क्रू काढू लागला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. देवाकडे मोठ्याने काही मागाल, तर तो आधी तुमचंच दार वाजवेल, एवढं धरून चाला. उघडायचं नसेल तर उगाच टेकू नका. तुमचं काही जात नाही; झिजते गादी माझी.