पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट

"रजया काढ. सगळ्या काढ आणि पलंगावर फेक," मॅडम म्हणाली. लेक नुसतीच बघत उभी राहिली, तेव्हा तिनं स्वतःच कपाटात हात घालून रजयांचा ढीग बाहेर ओढला.

लेकीचा खालचा ओठ फाटला होता. पुढचा एक दात तिनं रुमालात बांधून आणला होता. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. खाली मोटरसायकल थांबली. तो आवाज दोघी ओळखत होत्या.

मॅडम हे काही तिचं नाव नव्हे. जादूच्या खेळाच्या पाट्यांवर नवरा प्रोफेसर आणि ती मॅडम, म्हणून इमारतीनंही तेच धरलं. शाळा तिनं तिसरीतच सोडली होती, पण मॅडम म्हणून हाक आली की मान अशी ताठ करायची की हसायची कुणाची छाती होत नसे. प्रोफेसरांचे हात थरथरू लागले, खेळ बंद पडले, आणि खेळाचं सगळं सामान या बाहेरच्या खोलीत आलं. आलेला-गेलेला इथंच झोपायचा. दुसरी खोली होतीच कुठं? पलंगाच्या गादीखाली तलवारी. त्यांच्यावर महिनाभर झोपून नणंद पाठ धरून बसली आणि भावजयीच्या गादीला नावं ठेवत गेली. चहाच्या टेबलाला पोटात चोरकप्पा. कोपऱ्यात पत्र्याची मोठी काळी पेटी, तिला कुलूप. आणि हे कपाट. पाहुण्यांना सुगावा लागता कामा नये, असा प्रोफेसरांचा हुकूम होता. मॅडमनं तो इतका पाळला की पोटच्या लेकीलाही कपाटात रजयांपलीकडे काही माहीत नव्हतं.

"आत जा. मागच्या फळीला टेकून बस. गुडघे छातीशी घे."

"आई, तो पहिल्यांदा कपाटच उघडेल."

"उघडू दे."

लेक बसली. कपाटाच्या आत, दोन्ही बाजूंना चिकटलेल्या दोन फळ्या मॅडमनं दारासारख्या फिरवल्या आणि मधल्या खांबाला आणून टेकवल्या. फळ्यांच्या पुढच्या अंगाला आरसे होते. आरशात बाजूच्या भिंती दिसत, आणि बघणाऱ्याला वाटे ही मागचीच भिंत. कपाट रिकामं, बाई गायब. फक्त बघणारा लांब उभा पाहिजे. डोकं आत घातलं की त्याला त्याचंच थोबाड दिसणार.

"आवाज करायचा नाही," ती फटीतून म्हणाली. "काही लागलं तरी नाही."

हे तिनं कुणाकडून ऐकून सांगितलं नव्हतं. एकदा भर खेळात प्रोफेसरांचा अंदाज चुकला आणि तलवार तिच्या दंडातून गेली. ती हसत बाहेर आली, लोकांना वाकून नमस्कार केला, आणि पडद्यामागे जाऊन मग पडली.

तिनं कपाटाची दारं लावली. प्रोफेसर आपल्या खुर्चीतून बघत होते. जावई आत आला. गॅरेजवाला माणूस, हातात चाक खोलायचा लोखंडी पाना. एरवी याच खोलीत तो पाहुणा म्हणून पाय पसरून बसायचा, काळ्या पेटीवर बोटं वाजवायचा, सासरेबुवा, काय दडवलंय एकदा दाखवा की, म्हणायचा. प्रोफेसर हसून नाही म्हणत. तो नकार त्याच्या घशात अजून अडकला होता. नाही हा शब्द त्याला खपतच नसे. रुमालातला दात त्याच शब्दाचा.

"कुठाय ती?"

"बसा जावईबापू. पाणी आणते."

त्यानं तिला ढकललं, तशी ती भिंतीवर आदळली. रजयांच्या ढिगात त्यानं पाना खुपसून पाहिला. पलंग उलटा केला, तलवारी खणखणत फरशीवर पडल्या. त्यातली एक उचलून त्यानं खुर्चीत बसलेल्या प्रोफेसरांच्या गळ्याला लावली, धार नाही, नुसतं टोक आहे हे कळलं तेव्हा हसला आणि फेकून दिली. मग कपाट उघडलं.

रिकामं.

तो बघत राहिला. मग रागानं त्यानं कपाटाच्या कुशीत पाना असा हाणला की फळी फुटली. आत काच तडकली. तो आवाज काचेचा आहे हे मॅडमला कळलं, आणि काचेमागून हूं की चूं आलं नाही हेही. जावयानं एक हात दारावर ठेवला आणि तो आत वाकू लागला. डोकं आत जायला वीतभर उरलं असेल.

प्रोफेसरांचा उजवा हात लबाडी करी तेव्हा लोकांनी डावीकडे बघावं, ही मॅडमची जन्मभराची चाकरी. ती कपाटाकडे गेली नाही. तिनं काळ्या पेटीकडे पाहिलं, क्षणभरच, आणि चोरी पकडली गेल्यासारखी नजर खाली टाकली. ती नजर जावयानं पाहिली नाही. प्रोफेसरांनी पाहिली. पेटी उघडली तर जन्मभर झाकलेलं सगळं उघड्यावर येणार, हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते खुर्चीतून उठले.

"त्या पेटीला हात लावायचा नाही."

रंगमंचावरचा तो आवाज कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. जावई वळला. तोवर मॅडमनं पेटीवर अंग टाकलं होतं.

"हो बाजूला, म्हातारे."

ती हलली नाही. त्यानं केस धरून ओढलं, तिनं पेटीची कडी सोडली नाही. मग पाना तिच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला, कळ नंतर आली. ती ओरडली, माझ्या पोरीला मारू नको, म्हणाली. ओरडणं खरं होतं, शब्द खेळातले होते. प्रोफेसरांनी थरथरत्या हातांनी त्याची कॉलर धरली. त्यानं कोपर मागे हाणलं. नाकाचं रक्त पांढऱ्या मिशीवर आलं आणि म्हातारा चहाच्या टेबलावर कोसळला. टेबल दुभंगलं, चोरकप्पा उघडा पडला. जावयानं त्यांच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. मग मॅडमला फरफटत बाजूला केलं, आणि दोन-तीन घावांत कुलूप तोडून आख्खी पेटी उलटी केली.

पेले, घंटा, थाळ्या, पोकळ काठ्या, लाकडी अंडी, दुहेरी बुडाचे डबे. त्यांच्या मागोमाग कागदी फुलं, येतच राहिली. ती त्याच्या बुटांवर चढली.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि बुटानं सगळं चेचू लागला.

त्या इमारतीत किंकाळी ऐकून कुणी दार उघडत नसे. नवरा-बायकोचं असेल, आपल्याला काय. पण एवढा पत्रा एकदम आदळला तेव्हा वरच्या मजल्यावरचा वेल्डर आणि त्याचे भाऊ काय कोसळलं ते बघायला धावत आले. त्यांनी जावयाला धरलं. पाना काढून घेताना वेल्डरनं त्याच्या जबड्यावर अशी मूठ मारली की तो जिन्यापर्यंत चालत गेला नाही, त्याला नेलं. पोलीस येईपर्यंत दोघे भाऊ त्याच्या पाठीवर बसून होते.

दारात आता माणसं दाटली होती. कुणी फुलं उचलून बघत होतं. एका बाईनं डबा उलटा करून त्याचं दुसरं बूड आपल्या सुनेला दाखवलं. मॅडमनं त्यांना हाकललं नाही. एका हातानं तिनं आरशाची फळी बाजूला केली.

लेक तशीच बसली होती, गुडघे छातीशी. काचेचा लांब तुकडा तिच्या खांद्यात रुतला होता आणि रक्त कमरेपर्यंत उतरलं होतं. ओढणीचा बोळा तिनं तोंडात कोंबला होता.

"संपलं. ये बाहेर."

ती जागची हलली नाही. तेव्हा प्रोफेसर फरशीवरून सरपटत कपाटापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला, तळवा वर, रोजच्या खेळात मॅडमला बाहेर काढायला करायचे तसा. हात हलत होता. लेकीनं तो धरला.

बाहेर येताना हसायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमनंही ते आता सांगितलं नाही.

दारातली माणसं आरशांकडे बघत होती. कुणीतरी दुसऱ्याला हळूच समजावत होतं, अच्छा, म्हणजे असं होतं होय. मॅडमचा चांगला हात सवयीनं कपाटाच्या दाराकडे गेला.

"असू दे," प्रोफेसर म्हणाले.

तिनं हात खाली घेतला, पलंगाच्या पायाशी पडलेली एक रजई उचलली आणि लेकीच्या अंगावर घातली.