जोराचा ब्रेक

ड्रायव्हरने कोपरापर्यंत साबण लावला, हात धुतले आणि पुन्हा साबण घेतला. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत जायचं तर हात असे धुवावेच लागत. पण तिसऱ्यांदा धुवा असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो दादा, कातडी निघेल आता," मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या. "आणि ऐका. सकाळी तिची ऑक्सिजनची नळी काढली. आपला आपण श्वास घेतेय बाईसाहेब. चमच्याने दूधही प्यायली."

अशी बातमी ऐकून माणूस हसतो, निदान देवाचं नाव तरी घेतो. हा भला माणूस ओले हात वर धरून उभा राहिला.

"सिस्टर, मला एक कबूल करायचंय."

डेपोत त्याला सगळे 'लोणी' म्हणायचे. त्याच्या बसमध्ये उभ्याने चहा प्यावा, थेंब सांडायचा नाही. आणि नेमकं पाच दिवसांपूर्वी, बायको त्याच्याच मागच्या सीटवर बसलेली असताना, कुत्रं आडवं आलं आणि लोण्याने असा ब्रेक मारला की उभी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. बायको "काही नाही झालं" म्हणाली. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी बाहेर काढली. तेहेतिसावा आठवडा, वजन पावणेदोन किलो. तेव्हापासून त्याला धड घास गिळवत नव्हता. खिशात घडी केलेला अर्ज होता: यापुढे गाडी चालवणार नाही, बस धुण्याच्या कामावर घ्यावे.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही चौथे," त्या म्हणाल्या.

"चौथे?"

"तुमच्या आई परवाच येऊन गेल्या. सुनेला माळा आवरायला लावला म्हणून असं झालं, म्हणत होत्या. रडल्या बिचाऱ्या. मेहुणी आली, तिने म्हणे बहिणीला तिखटजाळ खायला घातलं. सासरे तर फोनवर लेकीला रागावले होते म्हणून माझ्यापुढे हात जोडून उभे. आता तुमचं कुत्रं."

त्याने पुन्हा साबणाकडे हात नेला.

"अहो, दर दहा बाळांमागे एखादं असं घाई करून येतंच. तुमच्याच घरावर आभाळ कोसळलेलं नाही. कुणाला जुळं असतं, कुणाचं आधीचंही लवकर झालेलं असतं, कुणी दोन बाळंतपणांत अंतर ठेवत नाही. कुठे जंतुसंसर्ग, कुठे साखर, कुठे सिगरेट. आणि पुष्कळदा तर आम्हालाही काही सापडत नाही. तुमच्या बायकोचं मात्र सापडलंय. रक्तदाब एकशेसत्तरच्या वर होता. पाय आधीपासून सुजलेले. हे दुखणं आठवडाभर तरी मुरत असणार, तुमच्या ब्रेकने आलेलं नाही. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून दाब बघायचा, एवढं डोक्यात ठेवा. जा आता, लेकीला बघा."

लेक काचेच्या पेटीत पालथी झोपली होती. त्याने बोट पुढे केलं. तिने ते धरलं, आणि एवढ्याशा मुठीला एवढा जोर कुठून आला म्हणून तो चाटच पडला. छातीवरचा धोंडा खरोखर उतरला. त्याला इतकं हलकं वाटलं, की बाहेर आल्यावर आधी अर्ज फाडला आणि मग भूक लागल्याचं ध्यानात आलं. पण जेवण राहू दे, ही गोष्ट आधी बायकोला सांगायला हवी, म्हणून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

बायको उशीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले.

"अगं, नळी काढली तिची! आणि ऐक..."

"कळलं मला. आधी माझं ऐका. रागावू नका."

तो स्टूल ओढून बसला.

"मागच्या महिन्यात तपासणीला जाऊन आले म्हणून सांगितलं ना, तिथे मी गेलेच नव्हते. आमच्या बालवाडीचा कार्यक्रम होता. चाळीस मुलांचे मुखवटे रंगवायचे होते. पाय सुजायला लागले होते, तरी म्हटलं, होतंच असं. दोन आठवडे तुमच्याशी खोटं बोलले मी." तिने नाक पुसलं. "गेले असते तर तेव्हाच कळलं असतं. माझ्यामुळे पोर तिथं पेटीत आहे."

'अगं, पण' एवढे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. खरं काय ते त्याला आता ठाऊक होतं, नुकतंच, फुकटात मिळालेलं. ते सांगून तो स्वतः मोकळा झाला असता आणि ती जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती.

"तपासणीचं काय घेऊन बसलीस? मी ब्रेक मारला म्हणून झालं ते."

"कुठला ब्रेक?"

"कुत्रं आडवं आलं तेव्हाचा. केवढा जोरात मारला! माणसं पडली. तुला काय हिसका बसला असेल."



"अहो, सिस्टरनी सांगितलंय मला. दाब वाढला होता म्हणून झालं."

"सिस्टर होत्या का गाडीत?" तो तावातावाने म्हणाला. "गाडी कोण चालवत होतं? मी का सिस्टर? मला जास्त कळतं का त्यांना?"

तिला हसू फुटलं. पोटावर हात दाबून ती कळवळली. "हसवू नका, टाके दुखतात." मग पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले. ती पुसत राहिली.

"पुढच्या वेळी तपासणीला मी सोडायला येणार," तो म्हणाला. "आत बसून राहणार. डॉक्टरांनी हाकललं तरी."

तिने मान हलवली. त्याचा हात, अजून साबणाचा वास येणारा, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"खरंय," ती म्हणाली. "फारच जोरात मारलात तुम्ही ब्रेक."