तीन पाकळ्या आणि एक पिल्लू

अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत माणसाचं फुप्फुस हातात घेऊन "मॅडम, हे अपूर्ण आहे," असं सांगणारी विद्यार्थिनी आमच्या कॉलेजात आजवर एकच झाली. ती मी.

फुप्फुस उजवं आहे, हे मी बरोबर ओळखलं होतं. मग परीक्षक बाईंनी विचारलं, लोब, म्हणजे त्याचे भाग, किती? मोजले, तीन. उलटं करून पुन्हा मोजले, तीनच. मी चौथा शोधत बसले आणि बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसल्या. 'तीन' हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं, पण फुप्फुस हातात आलं आणि पुस्तक पळालं. प्रॅक्टिकलला चार मार्कांनी गेले.

याचं मूळ अष्टमी गावात, रोह्याच्या पुलापलीकडे. तिथे माझे आजोबा, अब्राहम अष्टमकर, राहतात. पेणपासून रोह्यापर्यंत आम्हा बेने इस्रायल ज्यूंची जी चार-सहा घरं उरलीत, त्यांच्यासाठी बकरा कापायचा मान त्यांचा. बाकीचे केव्हाच इस्रायलला गेले. आजोबा म्हणतात, कापणं सोपं, तपासणं कठीण. बकऱ्याच्या छातीत हात घालून फुप्फुस चाचपायचं. ते फासळीला चिकटलेलं लागलं, तर तो बकरा आम्हाला चालत नाही. मग पाकळ्या मोजायच्या. उजवीकडे तीन पाकळ्या आणि एक पिल्लू, म्हणजे चिमुकली चौथी पाकळी; डावीकडे दोन. कमी भरल्या तरी बकरा बाद. सात वर्षांची असल्यापासून मी शेजारी उभी राहून हेच मोजत आले. माणसाला पिल्लू नसतं, हे माझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी नापास झाल्याचं सांगितलं, कारण गिळलं. पण खोदून विचारण्यात आजोबा परीक्षकांचे बाप.

"नेमकं कुठं चुकलीस गो?"

सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळं."

"तुमची मोजणी बरोबर हाय. मीच माणसाचा बकरा केला."

ते हसले नाहीत. "साठ वरसं माझा हात चुकला नाय. चुकला तो तुझ्या परीक्षेत." मला त्यांचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटली. थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्यांदा बस. पास झालीस का एलियाहू हन्नाबीचा मलिदा करू. बकरा मी कापीन. तुझ्या बाईपेक्षा नीट तपाशीन." नवस फेडायला आमच्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात आणि माणसं जेवायला बोलावतात.

सहा आठवडे मी अष्टमीच्या घरी ओटीवर, अभ्यासाला आणलेल्या माणसाच्या हाडांची पिशवी घेऊन बसले. शेजारच्या धोंडुबाई कढीपत्ता मागायला आल्या आणि जबडा बघून पायरीवरच थांबल्या.

"कुणाचा गो हा?"

"म्हाईत नाय."

"मंग आनलास कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्या कढीपत्ता न घेताच गेल्या.

आजोबा समोर चहा घेऊन बसायचे. एकदा त्यांचा स्टीलचा पेला मी सरकवायला गेले आणि चटका बसून हात मागे घेतला. त्यांनी तोच पेला तळव्यात धरला आणि निवांत घोट घेतला. त्या दिवशी माझा हाताच्या नसांचा धडा चालला होता. कोणती नस कोणत्या बोटाला संवेदना देते, हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. आजोबांना पंधरा वर्षं साखर आहे. मी पान उलटलं.

फेरपरीक्षेला त्याच बाई. त्यांनी पुन्हा उजवं फुप्फुस दिलं आणि विचारलं, "आज पूर्ण आहे का?"

"पूर्ण आहे, मॅडम. तीन."

पास झाले.

रविवारी मलिद्याचा बेत ठरला. निडी गावच्या बकरेवाल्या गुणाजीने त्याचा चांगला बकरा आणला. पेणहून वीस माणसं जेवायला येणार होती, आईने मसाला वाटून ठेवला होता. परसात आजोबांनी बकरा कापला, छातीत हात घातला, सावकाश चाचपलं आणि म्हणाले, "साफ हाय." त्यांचा चेहरा उजळला होता. सवयीने मीही हात घातला.

डावीकडे, वरच्या फासळ्यांपाशी, दोऱ्यासारखं काहीतरी ताणलेलं होतं. मी बोट फिरवलं. ते सुटेना.

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. जेवण झालं असतं आणि आजोबांचे हात वाखाणले गेले असते. मला कुठल्याही परीक्षेत वाटली नाही एवढी भीती वाटली.

"आजोबा, चिकटलंय."

"कुठं?"

मी त्यांची बोटं धरून तिथे टेकवली. "हे बघा."

"नाय लागत."

दुसरी बोटं टेकवली. अंगठा टेकवला. "आता?"

"नाय." त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटांकडे पाहिलं. "तुला लागतंय?"

"व्हय."

"मंग चिकटलंय."

बकरा गुणाजीला परत दिला, त्याला तो चालत होता. पाहुण्यांना मलिद्याचे गोड पोहे आणि वरणभात वाढला. याआधीचे किती बकरे असे साफ ठरले असतील, हे मी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी सुरी धुतली, पुसली आणि फडक्यात गुंडाळली.

"तुमच्याकडं नापास झाला का पुन्यांदा बसता येतं ना?"

"येतं. चार वेळा."

"मला नाय बसायचं," ते म्हणाले आणि सुरी माझ्या हाडांच्या पिशवीशेजारी ठेवून हात धुवायला गेले.